इंग्रजी यादीत 'अँड'च्या आधी स्वल्पविराम: द्यायचाच की गरजेपुरता?

लालपेन
इंग्रजीत तीन किंवा जास्त गोष्टींची यादी असली की शेवटच्या 'अँड' किंवा 'ऑर'च्या आधी स्वल्पविराम द्यायचाच, असं माझं ठाम मत. यालाच ऑक्सफर्ड कॉमा म्हणतात. 'आंबे, फणस आणि काजू' लिहिताना आपण 'आणि'आधी तो देत नाही. तीच सवय इंग्रजीत उतरते. 'आय इन्व्हायटेड माय पेरेंट्स, रवी अँड मीना' यात पाहुणे किती? चार, किंवा रवी-मीना हेच आईवडील असतील तर दोन. रवीनंतर स्वल्पविराम आला की चारच.

अमेरिकेतल्या मेन राज्यातला ओकहर्स्ट डेअरीचा खटला बघा. ओव्हरटाइम न मिळणाऱ्या कामांची कायद्यातली यादी 'स्टोअरिंग, पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन' अशी संपत होती. 'शिपमेंट'नंतर स्वल्पविराम नव्हता. ड्रायव्हर म्हणाले, वगळलंय ते शिपमेंट किंवा डिस्ट्रिब्यूशनसाठीचं पॅकिंग, आम्ही तर माल पोचवतो. २०१७मध्ये अपील कोर्टाने निकाल त्यांच्या बाजूने दिला, २०१८मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. एवढं पुरे नाही?

मसुदाकार
खटला अर्धाच सांगितलात. मेनच्या विधिमंडळाची मसुदालेखन पुस्तिकाच हा स्वल्पविराम देऊ नका म्हणत होती, म्हणजे तो नसणं नियमाला धरूनच होतं. कंपनीचा दुसरा मुद्दाही वजनदार होता: पॅकिंग हे यादीतलं शेवटचं काम असेल, तर त्याच्याआधी 'ऑर' का नाही?

ड्रायव्हरांच्या बाजूने वाक्यरचनाही होती. कॅनिंग, प्रोसेसिंग, फ्रीझिंग, स्टोअरिंग, पॅकिंग ही सगळी 'आयएनजी'वाली रूपं, आणि डिस्ट्रिब्यूशन मात्र शिपमेंटसारखं साधं नाम. म्हणून ते 'फॉर'ला जोडून वाचता येतं. कोर्टाने मजकूर संदिग्ध ठरवला आणि संदिग्धतेचा फायदा कामगारांना दिला. पुढे कायदा दुरुस्त करताना नुसता स्वल्पविराम घातला नाही: कामांमध्ये अर्धविराम आले आणि 'डिस्ट्रिब्यूशन'चं 'डिस्ट्रिब्यूटिंग' झालं. यादीतली रूपं एकसारखी ठेवा, हे आधी शिकवा.

आणि 'माय ब्रदर, अ डॉक्टर, अँड रवी' यात तुमच्याच स्वल्पविरामाने घोळ होतो. भाऊच डॉक्टर आहे की माणसं तीन? दुसरा स्वल्पविराम काढा, तिघं वेगळे होतात.

लालपेन
अशी वाक्यं थोडी. 'टी, ब्रेड अँड बटर, अँड मिसळ' यातून स्वल्पविराम काढून दाखवा! यादीतल्या एखाद्या घटकातच 'अँड' असला की तुमची सूट संपते. नेहमी दिला की प्रत्येक वेळी विचार करावा लागत नाही.

न्यूजडेस्क
विचार न करण्याचीच तर अडचण आहे. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची लेखनशैली साध्या यादीत तो गाळते, पण घोटाळा होत असेल किंवा घटकात 'अँड' असेल तर द्यायला सांगते. 'शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल' या शैलीपुस्तकाची पद्धत मात्र लालपेन यांच्या बाजूची.

'नेहमी द्या' ऐकलेली मुलं मग प्रत्येक 'अँड'आधी तो ठोकतात. 'शी ओपन्ड द फाइल, अँड प्रिंटेड इट' चूक आहे. कर्ता एक, क्रियापदं दोन, मध्ये स्वल्पविराम नको. 'शी ओपन्ड द फाइल, अँड ही प्रिंटेड इट' इथे हवा, कारण दोन्ही बाजूंना स्वतःचा कर्ता आहे. आधी दोन्हीकडचे कर्ते मोजायला शिकवा, यादीचा नियम नंतर.

लालपेन
मान्य, पण तो यादीचा नियमच नव्हे. मी 'तीन किंवा जास्त' असं पहिल्याच ओळीत लिहिलंय.

मसुदाकार
करारनाम्यात मी दोघांचंही ऐकणार नाही. प्रत्येक घटक वेगळ्या ओळीवर, क्रमांक देऊन, शेवटी अर्धविराम. तिथे स्वल्पविरामावर भिस्त ठेवायचीच कशाला?