मदत हवी आहे: जुनी १४ फुटी ट्रॅम्पोलीन घेणं, खोलून आणणं आणि स्नोबोर्डच्या सरावाला वापरणं

नमस्कार मंडळी,

बर्फाचा मोसम संपला की ग्रॅब (हवेत हातानं बोर्ड पकडणं) आणि १८०-३६० अंशांच्या गिरक्यांचा सराव पार तुटतो. तो चालू राहावा म्हणून परसात लावायला वापरलेली ट्रॅम्पोलीन घ्यायचा विचार आहे. एक बघून ठेवली आहे: गोल, १४ फुटी, डब्ल्यू आकाराचे चार पाय, भोवती जाळी, पाचेक वर्षं उघड्यावर उभी. माहितीपुस्तिका हरवलेली आहे, आणि खोलून न्यायचं काम घेणाऱ्याचं.

बघायला गेल्यावर नेमकं काय तपासायचं? कुठला दोष दिसला की सरळ नको म्हणायचं? मागची सीट आडवी होणाऱ्या साध्या गाडीत ती मावेल का? कामाला दोन माणसं आहेत. आणि खरा बोर्ड पायाला बांधून तिच्यावर उडी मारली तर चालते का, की सरावाचा वेगळा बोर्ड लागतो? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

प्रतिसाद १

आधी एक गोष्ट पक्की करा: तुम्ही फ्रेम विकत घेताय. मॅट, स्प्रिंगा, कडेची गादी, जाळी हे सगळं बदलता येतं. फ्रेम गेलेली असेल तर बाकी कितीही चकचकीत असो, घेऊ नका.

फ्रेममध्ये सगळ्यात आधी बघायचे ते सांधे, म्हणजे वरच्या कड्याचे दोन पाइप आणि पाय जिथे एकत्र येतात ती टी आकाराची जागा. पाणी तिथेच साचतं आणि गंज आतून सुरू होतो. गादी वर उचला आणि सांध्याच्या खालच्या बाजूला हात फिरवा. बाहेरून तपकिरी डाग असतील, खरवडल्यावर खाली घट्ट धातू लागत असेल, तर काळजी नाही. पापुद्रे सुटत असतील किंवा स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकल्यावर खणखणीत आवाजाऐवजी भद्द आवाज येत असेल, तर पाइपची भिंत पातळ झाली आहे. वेल्डिंगच्या कडेनं केसाएवढी चीर दिसली तरी तिथेच थांबा. अशा सांध्याला घरी टाका मारून तो परत तेवढा भार पेलत नाही.

मग टेप लावा. बाहेरच्या कडेपासून समोरच्या बाहेरच्या कडेपर्यंत एकदा, आणि त्याला काटकोनात दुसऱ्यांदा. १४ फुटीचं माप साधारण ४२७ सेंमी यायला हवं. दोन मापांत दोन-तीन सेंमीपेक्षा जास्त फरक असेल तर कडं लंबगोल झालंय: एकतर पाइप वाकलाय, नाहीतर वाऱ्यानं ट्रॅम्पोलीन कधीतरी उलटलेली आहे. वाकलेला पाइप सांध्यात परत नीट बसत नाही, आणि हे तुम्हाला घरी नेऊन जोडतानाच कळेल.

मॅटच्या बाबतीत विणीपेक्षा शिवण बघा. कापड पॉलिप्रॉपिलीनचं असतं, ते बराच काळ टिकतं. उन्हानं आधी दोरा मरतो. कडेच्या त्रिकोणी कड्या ज्या पट्टीत शिवलेल्या असतात, तिथला दोरा नखानं खरवडा. भुरभुर निघाली किंवा टाका तुटला तर मॅट बदलायची आहे असं समजूनच सौदा करा. मॅटखाली जाऊन वर बघा. ठिणगीनं पडलेली टाचणीच्या डोक्याएवढी भोकंसुद्धा उजेडात लगेच दिसतात. गादी आणि जाळी पाच वर्षं उन्हात असतील तर ती गेलेलीच धरा.

शेवटी वजनदार माणसाला मधोमध उभं करा, हळू उड्या मारायला सांगा आणि तुम्ही बाजूनं बघा. मॅट आणि जमीन यांत भरपूर जागा उरली पाहिजे, आणि एकही पाय जमीन सोडता कामा नये.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाला जोडून स्प्रिंगांबद्दल. एक स्प्रिंग काढून हातात घ्या आणि उजेडासमोर धरा. चांगल्या स्प्रिंगचे वेढे मोकळ्या अवस्थेत एकमेकांना चिकटलेले असतात. वेढ्यांमधून उजेड दिसला तर ती ताणून ढिली झालेली आहे, परत आखडणार नाही. वरवरच्या गंजानं फारसं बिघडत नाही. ही फट मात्र बघाच.

स्प्रिंगांची संख्या आणि लांबी खोलायच्या आधीच लिहून ठेवा. १४ फुटी म्हटलं तरी ७२, ८८, ९६, १०४ अशा वेगवेगळ्या संख्या असतात, आणि लांबी साडेपाच, सात किंवा साडेआठ इंच असू शकते. लांबी काढलेल्या स्प्रिंगची मोजायची, हुकाच्या बाहेरच्या टोकापासून दुसऱ्या हुकाच्या बाहेरच्या टोकापर्यंत. लावलेली स्प्रिंग ताणलेली असते. पुढे नवी मॅट मागवताना फ्रेमचा व्यास, कड्यांची संख्या आणि स्प्रिंगची लांबी या तीनही गोष्टी लागतात. नुसतं "१४ फुटी" सांगून मागवलेली मॅट एकतर लोंबते, नाहीतर लावताच येत नाही.

प्रतिसाद ३

खोलण्याबद्दल लिहितो. सामान: जाड हातमोजे, डोळ्यांना चष्मा, स्प्रिंग ओढायचा टी आकाराचा हूक, रबरी हातोडा, पाने, गंज सोडवणारं तेल, रंगीत चिकटपट्टी, मार्कर आणि दोन मजबूत बादल्या.

मालक तयार असतील तर आदल्या दिवशीच सांध्यांवर तेल मारून या. एका रात्रीत जेवढं सुटतं तेवढं तासभर ठोकून सुटत नाही.

आधी जाळी, मग गादी, मग स्प्रिंगा. स्प्रिंगा एका बाजूनं ओळीनं काढत गेलात तर समोरची बाजू मॅट आपल्याकडे ओढते, कडं तिरकं होतं आणि सांधे आवळून बसतात. म्हणून समोरासमोर काढायच्या: इकडच्या चार, मग बरोबर समोरच्या चार, मग काटकोनातल्या. ९६ स्प्रिंगा असतील तर १, १३, २५, ३७, ४९, ६१, ७३ आणि ८५ या आठ जागा आधीच पट्टीनं खुणावून ठेवा आणि त्या शेवटी काढा. पहिल्या काही स्प्रिंगा जड जातात, नंतर ताण कमी होत जातो. हूक फ्रेमच्या बाजूच्या टोकात अडकवा, बाहेर आणि किंचित वर ओढा. ओढताना तोंड स्प्रिंगच्या रेषेत नको आणि दुसऱ्या माणसाचा हात तिच्या आसपास नको.

कडं सोडवण्याआधी प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकच अक्षर लिहा: क-क, ख-ख. पाइप दिसायला सारखे असले तरी वर्षानुवर्षं एकमेकांत बसून त्यांची भोकं आपापल्या जोडीला सरावलेली असतात. आणि हे फार जण विसरतात: बऱ्याच फ्रेममध्ये सांध्यातून एक स्क्रू आरपार गेलेला असतो, गादीखाली झाकलेला. तो न काढता ठोकत बसलात तर पाइप चेपेल. स्क्रू काढूनही सांधा सुटत नसेल तर एकानं पाय धरायचा, दुसऱ्यानं पाइप आपल्या अक्षाभोवती थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे फिरवायचा आणि अधूनमधून सांध्यावर लाकडाचा तुकडा ठेवून रबरी हातोड्यानं ठोकायचं. करवत हातात घेऊ नका.

मावण्याचा हिशोब सोपा आहे. चार डब्ल्यू पाय म्हणजे बहुतेक वेळा कड्याचे आठ तुकडे. ४२७ सेंमी व्यासाचा परीघ साधारण १३.४ मीटर, म्हणजे एक तुकडा वाकाच्या बाजूनं १६८ सेंमी, सरळ टोकापासून टोकापर्यंत १६३ सेंमी आणि मधला फुगवटा १६ सेंमी. सांध्यात शिरणारं टोक धरून थोडी लांबी वाढेल. केळ्यांसारखे एकात एक रचले तर आठही तुकडे आडव्या केलेल्या सीटवर बसतात. पायांचे आणि जाळीच्या खांबांचे तुकडेही सुटे होतात. मॅटची गुंडाळी करा, कडक घडी घालू नका. स्प्रिंगा दोन बादल्यांत वाटून ठेवा. सगळ्या एका पोत्यात भरल्या तर पोतं उचलताना फाटतं. गंज फार नसेल तर दोघांना दोन-तीन तास पुरतात.

प्रतिसाद ४

जोडताना याच्या उलट: त्याच आठ जागा आधी लावायच्या, फ्रेमची भोकं आणि मॅटच्या कड्या दोन्ही मोजून. एका कडीची जरी चूक झाली तरी ती शेवटच्या स्प्रिंगपाशी उघडी पडते आणि पाव भाग परत सोडवावा लागतो. हुकाचं टोक खाली वळलेलं असू द्या.

जागा सपाट हवी. उतार असेल तर खालच्या बाजूला विटा रचू नका, उड्यांनी त्या सरकतात. वरच्या बाजूच्या पायांखालची माती खोदा. चारही बाजूंना किमान दोन मीटर मोकळं, आणि वर जमिनीपासून ७.३ मीटरपर्यंत फांदी किंवा तार नको. हे माप निर्मात्यांच्या पुस्तिकांमध्ये दिलेलं असतं आणि ते वाजवी आहे, कारण बोर्ड पायाला असताना तुमची उंची आणि घेर दोन्ही वाढतात. पाय जमिनीत आकड्यांनी किंवा स्क्रूसारख्या खुंट्यांनी बांधा. वादळाचा अंदाज असेल तर जाळी उतरवा. शिडासारखी तीच वारा धरते.

प्रतिसाद ५

आता बोर्डाचं. खरा स्नोबोर्ड अजिबात नको. त्याची पोलादी कड एका तिरक्या उतरण्यात मॅट चिरते, आणि लांब बोर्डाचं टोक मॅटमध्ये रुतलं की गुडघ्याला पीळ बसतो. जुना बोर्ड कापून वापरायचा सल्ला सगळीकडे मिळतो, तोही मला पटत नाही. कड आत दात्यांनी रुतवलेली असते, ती पूर्ण जायला बोर्ड चांगला आतून कापावा लागतो, आणि कापलेल्या फायबरग्लासची कुसळं बोटांत आणि धूळ छातीत जाते.

त्यापेक्षा १२ मिमी प्लायवुड घ्या, १०० सेंमी लांब, २८ सेंमी रुंद, चारही कोपरे मोठ्या गोलाईत कापलेले. वजन दोन किलोच्या आसपास भरतं. खाली तीन-चार सेंमी जाड बंद पेशींचा फोम लावा, तो कडांवरून वर वळवून घ्या आणि सगळीकडून कापडी चिकटपट्टीनं घट्ट गुंडाळा. चिकट बाजू कुठेही उघडी नको. पायांसाठी पक्की बाइंडिंग (बूट बोर्डाला जखडणारी पकड) न लावता रुंद वेल्क्रोचे पट्टे लावा, दोन पायांत ४५ ते ५० सेंमी अंतर ठेवून. उतरणं चुकलं तर पाय सुटला पाहिजे, यासाठीच वेल्क्रो. पट्टे ज्या बोल्टनं बसवाल त्यांची डोकी लाकडात बुडवा आणि मगच फोम लावा, नाहीतर तेच बोल्ट मॅटमध्ये भोक पाडतील. प्रत्येक वेळी वर चढण्याआधी बोर्डाच्या खालून हात फिरवून घ्या.

प्रतिसाद ६

सरावाबद्दल थोडं, कारण चुकीची सवय लागली तर बर्फावर ती मोडायला वेळ लागतो.

गोल ट्रॅम्पोलीन तुम्हाला सतत मध्याकडे ढकलते. त्यामुळे ती सुरक्षित वाटते, पण गिरकीतली आपली तिरकी उडी लपून राहते. आयताकृती मॅट जिथे पडाल तिथून सरळ वर उडवते, चूक लगेच दिसते. स्पर्धेत मॅट आयताकृती असते, ४.२८ बाय २.१४ मीटर. गोल घेतलीत तर मध्यावर पट्टीनं फुली करा आणि प्रत्येक उतरण्यानंतर फुलीपासून किती सरकलात ते बघा.

क्रम असा ठेवा: बोर्डाशिवाय सरळ उडी, मग गुडघे मोडून उडी जागच्या जागी थांबवणं. हे थांबवणं दहापैकी दहा वेळा जमेपर्यंत बोर्ड बांधू नका. मग बोर्डासह छोट्या उड्या, मग ग्रॅब. ग्रॅबसाठी वाकून बोर्डाकडे जायचं नाही, गुडघे वर घेऊन बोर्ड हातापर्यंत आणायचा. इंडी नावाच्या ग्रॅबमध्ये मागचा हात बोटांकडच्या कडेला दोन पायांच्या मध्ये, मेलन नावाच्या ग्रॅबमध्ये पुढचा हात टाचेकडच्या कडेला. मग १८०, दोन्ही दिशांनी. ३६० सगळ्यात शेवटी.

एक फरक डोक्यात ठेवा. बर्फावर गिरकी उड्डाणाच्या कडेवर, बोर्डाची धार सोडताना सुरू होते. इथे ती खांद्यांनी हवेत फेकली जाते. म्हणून इथून शिकायचं ते नजर कुठे ठेवायची, हात कधी सोडायचा आणि शरीर किती आवळायचं. उड्डाणाची लय इथून शिकता येत नाही.

कोलांट्या प्रशिक्षकाशिवाय नाहीत. मान खाली घेऊन पडल्यावर जाळी काहीही वाचवत नाही. आणि मॅटवर एका वेळी एकच माणूस: अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सच्या २०१२च्या निवेदनानुसार सुमारे ७५ टक्के दुखापती एकापेक्षा जास्त जण एकत्र उड्या मारत असताना होतात. सहा वर्षांखालच्या मुलांना चढूच देऊ नका.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. बघून आलो. व्यास एकीकडे ४२७, दुसरीकडे ४२६. सांधे खणखणीत, एका सांध्यात लपलेला स्क्रू सापडला. ९६ स्प्रिंगा, सात इंची. मॅटची शिवण दोन ठिकाणी भुरभुरली, ती बदलणार. स्प्रिंगा थोड्या थोड्या काढून तपासल्या, त्यात अकरांच्या वेढ्यांतून उजेड दिसतोय, त्या बहुतेक एकाच बाजूच्या आहेत. फक्त त्या अकरा बदलू की सगळ्या?

प्रतिसाद ३

अकरा बदला, पण नव्या सगळ्या त्याच बाजूला लावू नका. नवी स्प्रिंग जुनीपेक्षा जोरात ओढते. त्या एकत्र लावल्या तर मॅट तिकडे झुकते आणि सरळ उडी मारली तरी तुम्ही एका बाजूला सरकता. एक जास्त, म्हणजे बारा घ्या आणि दर आठव्या भोकात एक नवी लावा; तिथून निघालेल्या चांगल्या जुन्या स्प्रिंगा ढिल्यांच्या जागी लावा. जी चांगली जुनी स्प्रिंग उरेल ती सुटी म्हणून जपून ठेवा. मागवताना लांबीबरोबर तारेची जाडी आणि वेढ्याचा बाहेरचा व्यासही जुळवा, त्यासाठी न ताणलेली एक जुनी स्प्रिंग नमुना म्हणून सोबत न्या. ढिल्या स्प्रिंगा चौथा हिस्सा, म्हणजे चोवीसच्या वर गेल्या असत्या, तर मात्र पूर्ण संचच घ्या म्हटलं असतं.