मॅक्सिमने गोळी झाडली आणि मला हायसं वाटलं

गोदाकाठची वाचक:
(शेवट सांगून टाकते आहे. 'रेबेका' वाचायची असेल तर इथेच थांबा.)
डाफ्ने द्यू मॉरिएची 'रेबेका' (१९३८) परवा सावानातून (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) पुन्हा आणली. पहिल्यांदा बारावीत वाचली होती. मॅक्सिम दुसऱ्या बायकोपाशी कबूल करतो, की पहिलीला मीच गोळी घातली. त्यातून हिच्या मनात काय उरतं? त्याचं रेबेकावर प्रेम नव्हतं, एवढंच! बारावीत मलाही हायसं वाटलं होतं. या वेळी पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन बसले. त्या रात्री रेबेकाने त्याला कसं डिवचलं, हे आपल्याला फक्त मारणारा सांगतो. आणि लग्नाची मागणी घालतानासुद्धा तो हिला मूर्ख म्हणतो. हा प्रेमकथेचा नायक?

पंचवटीकर:
अजिबात पटलं नाही. नवऱ्याचाच संशय येत नसेल तर त्या वाड्यात घाबरायचं कशाला? हिचकॉकच्या १९४० च्या चित्रपटात खुनी मोकळा सुटलेला सेन्सॉरला चालेना, म्हणून रेबेका पडून, डोक्याला मार लागून मरते. नायक सोवळा झाला आणि गोष्टीतली धार गेली. कादंबरी आपल्याला खुन्याच्या बाजूला उभं करते, हीच तिची ताकद. तुम्ही गॅलरीत जाऊन बसलात, ते लेखिकेचंच काम.

गोदाकाठची वाचक:
मग सतराव्या वर्षी का नाही बसले? तेव्हा मला मॅक्सिमसारखाच नवरा हवा होता.

सीबीएसजवळचा वकील:
मग मी 'जेन एअर'मधल्या रॉचेस्टरची बाजू मांडतो. वेड्या बायकोला घरात कोंडून ठेवून तो जेनशी लग्न करायला निघतो. कादंबरी १८४७ ची. वेडाच्या कारणावरून घटस्फोट इंग्लंडमध्ये १९३७ च्या कायद्याने मिळू लागला. त्याने करायचं काय होतं?

कॉलेज रोड:
वकीलसाहेब, जेनला खरं सांगायचं होतं! बोहल्यावर चढेपर्यंत लपवलं त्याने. पण जेन राहिली नाही, वीस शिलिंग घेऊन पहाटे निघून गेली. परत आली ती वारशाचे पैसे मिळाल्यावर, स्वतःच्या पायावर. म्हणून मला जेन सोसते, 'रेबेका'तली ती बिननावाची दुसरी बायको नाही सोसत.

सातपूरहून:
मी सहसा लिहीत नाही. अशाच कादंबऱ्या वाचून मोठी झाले. बघायला आले तेव्हा हे एक शब्द बोलले नाहीत, कपाळाला आठी. मला वाटलं, आत काहीतरी जखम आहे, मी बोलतं करीन. अकरा वर्षं बोलतं करत होते. जखम नव्हतीच, तो स्वभाव होता. पुस्तकात घुम्या माणसाला शेवटी रहस्य असतं. माझ्या घरात नुसतं ताट भिरकावणं होतं.

पंचवटीकर:
ताई, यावर मी काही बोलू शकत नाही. तरी एक सांगतो, घरात मुलगी असेल तर तिच्या हातून ही पुस्तकं काढून घेऊ नका.

सातपूरहून:
नाही हो दादा, काढून कशाला घेऊ? तिची 'जेन एअर' नुकतीच संपली. रॉचेस्टर तिला फार आवडला. मी एवढंच विचारलं, वरच्या मजल्यावर कोंडलेल्या बाईचं नाव काय गं? तिला आठवेना. पुस्तक उघडून शोधत बसली, मग म्हणाली, "बर्था. आई, ही लग्नाआधी कशी होती, ते हिने स्वतः कुठेच सांगितलेलं नाही." तिच्यासाठी आता जीन ऱ्हिसची १९६६ ची कादंबरी शोधते आहे, बर्थाच्या बाजूने लिहिलेली. नाशिकमध्ये कुणाकडे असेल तर सांगा, जपून वाचून परत करू.