सल्ला हवा आहे: विद्यापीठांच्या डिजिटल संग्रहांत संशोधन आणि परिसरवार्ता एकत्र कशा वाचाव्यात?

मुठाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात पदवीच्या तिसऱ्या वर्षाला भूगोल शिकवते. यंदाच्या प्रकल्पासाठी मी विद्यार्थ्यांना अशी अट घातली आहे की, पुणे परिसरातला एक संशोधनविषय निवडायचा, त्यावरचा प्रबंध किंवा शोधनिबंध वाचायचा, आणि त्याच काळात त्या संस्थेत काय चालले होते, म्हणजे कोणती व्याख्याने झाली, कोण पाहुणे आले, वार्षिक अहवालात काय छापून आले, हेही शोधून काढायचे. संशोधन माणसांच्या सहवासात आणि ठरावीक परिस्थितीत घडते, हे मुलांना दिसावे एवढाच यामागचा हेतू आहे.

मागच्या आठवड्यात एका संस्थेच्या संग्रहाचे पहिले पान वर्गात पडद्यावर दाखवले. रसायनशास्त्राचा प्रबंध, त्याखाली एका खेड्याची आर्थिक पाहणी, त्याखाली स्वातंत्र्यपूर्व काळातल्या नियतकालिकाचा अंक आणि मग कुणाचे तरी दीक्षान्त भाषण, अशी ती यादी होती. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारले, “मॅडम, यातलं संशोधन कुठलं आणि बातमी कुठली?” मला तिला नीट उत्तर देता आले नाही.

आणखी एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. आमच्या महाविद्यालयाचे संकेतस्थळ नव्याने तयार केले, तेव्हा जुनी वार्तापत्रे त्यावरून गेली ती परत आलीच नाहीत. आमच्या विद्यार्थ्यांनी दोन उन्हाळे फिरून विहिरींच्या पाण्याची पातळी मोजली होती, आणि त्याची एकमेव छापील नोंद त्यांतल्या एका अंकात होती.

मुलांनी सुरुवात कुठून करावी, आणि हे वैविध्य त्यांना कसे समजावून सांगावे, याबद्दल जाणकारांनी कृपया सांगावे.

पाषाण रस्ता

मॅडम, प्रबंधांसाठी शोधगंगेपासून, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहापासून, सुरुवात करावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीने पीएच.डी.च्या प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे बंधनकारक केले, आणि गांधीनगरचे इन्फ्लिबनेट केंद्र हा संग्रह सांभाळते. तिथे प्रबंध सलग मिळत नाही, प्रकरणागणिक वेगळी फाइल असते. मुले पहिली फाइल उघडतात, मुखपृष्ठ पाहतात आणि कंटाळतात. त्यांना ‘८०’ आकड्याने सुरू होणारी, शिफारस (recommendation) अशा नावाची फाइल आधी उघडायला सांगा. तिच्यात बहुधा मुखपृष्ठासोबत निष्कर्ष किंवा सारांश असतो, आणि प्रबंध आपल्या कामाचा आहे की नाही हे दहा मिनिटांत कळते.

त्यानंतर ऋणनिर्देश वाचायला लावा, हे मी स्वतः प्रबंध लिहीत असल्यामुळे आग्रहाने सांगतो. शिष्यवृत्ती कुणाची होती, नमुने कुठल्या प्रयोगशाळेत तपासले, कुठल्या गावच्या सरपंचांनी मुक्कामाची सोय केली, हे सगळे त्या दोन पानांत असते. तुम्ही ज्याला परिसरवार्ता म्हणता, तिचा पहिला धागा तिथेच हाती लागतो.

निवृत्त ग्रंथपाल

मुठाकाठताई, तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न अगदी योग्य आहे, आणि त्याचे उत्तर त्या पानाच्या रचनेत आहे. असे बहुतेक संग्रह डीस्पेस या संगणकप्रणालीवर चालतात. ती एमआयटी आणि ह्यूलेट-पॅकार्ड यांनी मिळून २००२ मध्ये खुली केली. तिच्या पहिल्या पानावर ‘नुकतीच दाखल झालेली’ सामग्री दिसते. ती लेखनाच्या तारखेनुसार लागलेली नसते, ग्रंथालयातल्या कर्मचाऱ्याने ज्या क्रमाने चढवली त्या क्रमाने लागलेली असते. १९३२ चा अंक काल स्कॅन झाला असेल, तर तो कालच्या प्रबंधाच्या शेजारी येऊन बसतो. मुलांना ते पान सोडून आत विभागवार मांडलेल्या संचांत जायला सांगा, आणि प्रत्येक नोंदीतली प्रकाशनाची तारीख व दाखल झाल्याची तारीख वेगवेगळी टिपायला लावा. एवढ्याने निम्मा गोंधळ मिटतो.

दुसरे असे की, नोंदीखाली दिलेला कायमचा पत्ता वहीत उतरवून घ्यावा, वर ब्राउझरमध्ये दिसणारा नव्हे. सर्व्हर बदलला तरी तो पत्ता नव्या जागी नेऊन पोहोचवावा, अशी ती व्यवस्था असते. संकेतस्थळ आणि संग्रह यांत हाच फरक आहे, आणि तुमची वार्तापत्रे गेली ती यामुळेच. ती संकेतस्थळावर लावलेली होती, संग्रहात जमा केलेली नव्हती.

पुण्यापुरते बोलायचे, तर भूगोलाच्या मुलांना मी गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेच्या संग्रहापासून सुरुवात करायला लावीन. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या हाताखाली झालेली पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी १९४५ आणि १९५२ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाली. त्याच संग्रहात भारत सेवक समाजाच्या ‘सर्व्हंट ऑफ इंडिया’ या साप्ताहिकाचे अंक आहेत. ते १९१८ ते १९३९ या काळात पुण्यातून निघत असे. पाहणीत कुटुंबांचे उत्पन्न, व्यवसाय आणि घरे आकड्यांत दिसतात, आणि साप्ताहिकात त्याआधीच्या वीस वर्षांत जाणत्या मंडळींना कोणते प्रश्न टोचत होते ते दिसते. दोन्ही शेजारी ठेवून वाचले की पाहणीतले प्रश्न तसेच का विचारले गेले असावेत, याचा अंदाज बांधता येतो. हा अनुभव मुलांना अवश्य घेऊ द्या.

पुरातत्त्वाकडे ओढा असलेल्यांसाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने घोड नदीकाठच्या या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीत १९६८ ते १९८३ या काळात हंगामामागून हंगाम उत्खनन केले. एका पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांचे मातीचे भांडे सापडले आणि त्यात बसलेल्या स्थितीतला सांगाडा होता. अंतिम अहवालात या दफनाचा अर्थ लावलेला आहे. पण भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वार्षिक आढाव्यात त्या त्या वर्षीच्या उत्खननाच्या छोट्या नोंदी येत असत, त्या क्रमाने वाचल्या तर हाती काय लागले आणि मत कसे बनत गेले हे समजते. त्या नोंदी मी तरी संशोधनविश्वातली बातमीच मानतो.

खगोलशास्त्रासाठी आयुकाचे, म्हणजे पुण्यातल्या खगोलशास्त्र व खगोलभौतिकी यांच्या आंतरविद्यापीठीय केंद्राचे, ‘खगोल’ हे त्रैमासिक वार्तापत्र पाहावे. व्याख्याने, कार्यशाळा, पाहुणे अभ्यासक यांची त्यात नोंद असते. एखाद्या शोधनिबंधाचा सहलेखक पुण्यात केव्हा येऊन गेला, हेही त्यावरून कधी कधी जुळवता येते.

शनिवारपेठकर

मराठी प्रबंध शोधताना एक काळजी घ्यावी. शोधगंगेवर अनेक मराठी प्रबंधांची शीर्षके रोमन लिपीत दिलेली आहेत आणि त्यांत एकवाक्यता नाही. ‘ग्रामीण’ हा शब्द कुणी शेवटी एक अक्षर जास्त घालून लिहितो, तर कुणी ‘ई’ वेगळ्या पद्धतीने लिहितो. देवनागरीत शोधून काही मिळाले नाही, म्हणजे काम झालेच नाही, असे मुलांनी समजू नये. मार्गदर्शकाचे नाव आणि विभाग धरून शोधले तर कितीतरी अधिक हाती लागते.

जुन्या, युनिकोड ही अक्षरांची समान संगणकीय पद्धत येण्यापूर्वीच्या फाँटांतल्या फाइलींमध्ये डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसते, पण मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की भलतीच अक्षरे उमटतात. अशा फाइलींतला शब्द शोधयंत्राला सापडत नाही, त्या पान उलटूनच वाचाव्या लागतात. मराठी संशोधनाचा मोठा भाग यामुळे असून नसल्यासारखा झाला आहे, याचे मला फार वाईट वाटते.

मुठाकाठ

सर्वांची मनापासून आभारी आहे. दोन तारखांचा मुद्दा मी उद्याच वर्गात दाखवते. पाहणी आणि साप्ताहिक यांची जोडी चार मुलांच्या एका गटाला देईन, आणि ऋणनिर्देश वाचणे सगळ्यांनाच बंधनकारक करीन.

ग्रंथपालसाहेब, एक विचारते. आमची जुनी वार्तापत्रे कागदावर मिळाली, तर ती कुठे आणि कशी जमा करावीत?

निवृत्त ग्रंथपाल

ताई, आधी अंक मिळवा. प्रत्येक पान ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करा, जाहिरातींची आणि कोरी पानेसुद्धा वगळू नका. फाइलीच्या नावात वर्ष, महिना आणि अंक क्रमांक असू द्या. विहिरींच्या नोंदीचे तक्ते वेगळ्या फाइलीत टंकून ठेवा, म्हणजे आकडे वापरता येतील. मग प्राचार्यांची लेखी परवानगी घेऊन तुमच्या ग्रंथालयाच्या स्वतःच्या संग्रहात ते दाखल करा. संग्रह नसेल तर डीस्पेस विनामूल्य आहे, आणि उभारणीसाठी लागेल ती मदत मी येऊन करीन.

मुठाकाठ

आमच्या कार्यालयातून निवृत्त झालेल्या शिपाईमामांना आज फोन केला. रद्दीत निघालेले काही अंक त्यांनी घरी नेऊन जपून ठेवले आहेत आणि विहिरींचा अंक त्यांत आहे, असे ते म्हणाले. शनिवारी सकाळी दोन विद्यार्थ्यांना घेऊन त्यांच्याकडे जाते.