नागपूर मध्यावर आहे म्हणून मोठं झालं, हे मुलांना शिकवणं थांबवा

भूगोलवाली (धरमपेठ):
मी अकरावी-बारावीला भूगोल शिकवते. मानवी भूगोल सुरू झाला की वर्गाला विचारते, आपलं शहर इथंच का वाढलं? सगळे एका सुरात सांगतात, "देशाच्या मध्यावर आहे म्हणून." घरीही झिरो माईलचा खांब दाखवून त्यांना हेच सांगितलेलं असतं. हे उत्तर चुकीचं आहे आणि त्यानं विषयाचा पायाच कच्चा राहतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

गाव कुठल्या जमिनीवर बसलंय ही एक गोष्ट, आणि बाकीच्या गावांशी त्याचं नातं काय ही दुसरी. नाग नदी, सीताबर्डीची टेकडी, काळी माती ही आपली जमीन. ती शतकानुशतकं तिथंच आहे. नातं मात्र बदलत गेलं आणि ते माणसांनी बदललं. छिंदवाड्याकडच्या देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंदशहानं 1702 च्या सुमारास इथली बारा खेडी जोडून शहर वसवलं, तेव्हा आजच्या भारताचा मध्य त्याच्या डोक्यात असणं शक्यच नव्हतं. 1861 मध्ये इंग्रजांनी मध्य प्रांत केला आणि नागपूरला राजधानी दिली. 1867 मध्ये मुंबईची रेल्वे इथं पोचली. मग 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यं नव्यानं आखली गेली आणि राजधानीपण गेलं. अक्षांश-रेखांश तसूभर हलले नव्हते! उरलं काय, तर नागपूर करारातून मिळालेलं विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन.

रात्झेल या जर्मन भूगोलतज्ज्ञानं 1882 मध्ये निसर्ग माणसाला घडवतो अशी मांडणी केली. त्याच्या अनुयायांनी ती आणखी ताणली, तो निसर्गवाद. फ्रान्सच्या व्हिदाल द ला ब्लाशनं उलट सांगितलं की निसर्ग शक्यता पुढे ठेवतो, निवड माणूस करतो. हा संभववाद. मुलं पेपरात संभववादाची व्याख्या घडाघडा लिहितात आणि स्वतःच्या शहराबद्दल बोलताना शंभर टक्के निसर्गवादी असतात. याचंच मला वाईट वाटतं.

संत्रेवाला (काटोल):
मॅडम, अर्धं पटलं. पण तुम्ही माणसाला फारच मोकळा सोडून राहिल्या.

आमच्या बागेत या. मृग बहार घ्यायचा तर उन्हाळ्यात झाडाचं पाणी तोडावं लागते, त्याला आम्ही ताण देणं म्हणतो. पानं मलूल होतात, पाहवत नाही, पण थांबावं लागते. मग मृगाचा पाऊस पडला की फुलं येतात. जमीन भारी काळी असली तर ओल धरून ठेवते, झाड ताणच घेत नाही. पाऊस लांबला तर बहार फसला. यात मी काय निवडलं सांगा? संत्रा भोसल्यांच्या काळात इथं आला म्हणतात, म्हणजे आणला माणसानंच. पण टिकला कुठं, तर जिथं मातीनं टिकू दिला तिथं. वरूड-मोर्शीकडं बोअर मारमारून भूजल इतकं उपसलं की ते तालुके अतिउपशाच्या यादीत गेले.

ग्रिफिथ टेलर हा ऑस्ट्रेलियात राहिलेला भूगोलतज्ज्ञ. देशाचा मधला भाग वाळवंट आहे, तिथं कोट्यवधी माणसं वसणार नाहीत, असं तो स्पष्ट बोलला. लोकांनी त्याच्यावर राग धरला. त्याचं म्हणणं होतं की विकासाचा वेग माणूस कमीजास्त करू शकतो, दिशा मात्र निसर्गानं आखलेली असते. मला हाच माणूस खरा वाटते.

अजनीचा रेल्वेवाला:
मध्य म्हणजे काहीच नाही कसं म्हणता मॅडम? 1949 मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, चारही बाजूंची विमानं रात्री इथल्या सोनेगाव विमानतळावर उतरायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करून पहाटेपर्यंत परत. हे नागपूर सोडून दुसरीकडं जमलं असतं का? उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम रेल्वे इथं एकमेकींना छेदतात, तोही योगायोग नाही.

भूगोलवाली:
टपालाचं उदाहरण उत्तम, दादा, पण ते माझ्याच बाजूचं आहे. ती सेवा 1970 च्या दशकात बंद झाली. नागपूर काही सरकलं नव्हतं. लांब पल्ल्याची विमानं थेट जायला लागली आणि मधल्या थांब्याची किंमत उतरली. अंतर किलोमीटरमध्ये तेवढंच राहिलं, पण वेळ आणि खर्च बदलला की कोण कोणाच्या जवळ हेही बदलतं.

काटोलच्या भाऊंचा टेलर मी मानते. पण निसर्गवादाला थोडी जागा देतानाही मला भीती वाटते, कारण त्याचा इतिहास चांगला नाही. उष्ण हवेत माणसाची कार्यशक्ती कमी होते, म्हणून तिथले लोक मागे, असं अमेरिकेच्या हंटिंग्टन या भूगोलतज्ज्ञानं लिहिलं. मध्य प्रांताचं सरकार उन्हाळ्यात पचमढीच्या थंड हवेत जायचं आणि मागे राहून राबणारे लोक आळशी ठरायचे. मे महिन्यात आपल्याकडं पारा कित्येकदा 45 च्या वर जातो. तेव्हा सकाळी सहालाच तोंडाला दुपट्टा बांधून, खिशात कांदा ठेवून स्लॅबवर चढणारा मजूर ज्यानं पाहिलाय, त्याला हा सिद्धांत कधी पटायचा नाही.

कोष्टीपुऱ्याची लेक:
ताई, तुम्ही सगळे 'माणूस निवडतो' म्हणता. कोणता माणूस? माझे पणजोबा हातमागावर लुगडी विणायचे. 1877 मध्ये जमशेटजी टाटांनी जुम्मा तलावाजवळ एम्प्रेस मिल सुरू केली. कापूस जवळ, वरोऱ्याचा कोळसा जवळ, रेल्वे दारात. मुंबई सोडून इथं यायचं ही त्यांची निवड होती. हातमागवाल्यांपुढं निवड कसली? गिरणीत जा नाहीतर अर्धपोटी राहा. पुढं गिरणीही बंद पडली. आज तिथं मॉल आहे. मानवी भूगोलात हे शिकवत नसाल तर निसर्गवाद-संभववाद दोन्ही अपुरे आहेत.

आणि 1956 म्हटलं की तुम्हाला गेलेली राजधानी आठवते. त्याच्या अठरा दिवस आधी, 14 ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी इथं धम्मदीक्षा घेतली. नागपूर का निवडलं ते त्यांनी दुसऱ्या दिवशीच्या भाषणात सांगितलं: बौद्ध धम्माचा प्रसार करणारे नाग लोक या भागातले. देशाचा मध्य हे कारण त्यात नव्हतं. एका मोकळ्या मैदानाची दीक्षाभूमी झाली आणि आज तिथं लाखो लोक येतात. ती जागा मातीनं मोठी केली नाही, रेल्वेनंही नाही. लोकांनी तिला अर्थ दिला.

भूगोलवाली:
हे नुसतं मी वर्गात शिकवायला हवं होतं असं नाही, हे पाठ्यक्रमातच हवं होतं. पूर्ण सहमत.

संत्रेवाला (काटोल):
दीक्षाभूमीबद्दल माझा वादच नाही, जय भीम ताई. पण 23 सप्टेंबर 2023 ची पहाट विसरू नका. काही तासांचा पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या घरांत पाणी शिरलं. तिथं कोणाचा अर्थ कामी आला?

कोष्टीपुऱ्याची लेक:
पाऊस निसर्गाचा, भाऊ. पण नदी दोन भिंतींत आवळली कोणी? काठावर घरांना परवानगी दिली कोणी?

संत्रेवाला (काटोल):
माणसानंच आवळली, मान्य. तरी पाणी उतारानंच गेलं ना. मॅडम, मुलांना हे दोन्ही वाद शिकवाच, पण त्याआधी अंबाझरीपासून नाग नदीच्या काठानं चालवत न्या. उतार कुठं आहे, पात्र कुठं चिंचोळं झालं, कोणाचं घर पात्रात आहे, हे त्यांच्या हातानं नकाशावर काढून घ्या. मग कोण निसर्गवादी अन् कोण संभववादी ते पोरं सांगतील. उन्हाळ्यात न्याल तर पाण्याच्या बाटल्या जास्त ठेवा.