वॉटर शूज सगळीकडे चालतात का? लवकर सांगा

चिखल्या: शनिवारी निघायचंय. वॉटर शूज घेऊ की नको? एकच जोड घेणार, सगळीकडे चालला पाहिजे. कृपया 'अवलंबून आहे' असलं उत्तर नको.

निवांत: अवलंबून आहे. :) 'सगळीकडे' म्हणजे कुठे? समुद्र की नदी? पाण्यात किती वेळ, बाहेर किती?

चिखल्या: नदीच हो. ओढ्यातून चालत धबधब्यापर्यंत, मग कयाक, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी. यात विचारण्यासारखं काय आहे?

डोंगरवेडी: सगळंच! कयाकला पातळ, मऊ तळ उत्तम, आत पायांना जागाच कमी असते. पण त्याच तळाने गोट्यांवरून चाललात की खडा न् खडा तळव्याला टोचतो. घोट्यालाही आधार नाही.

पाणकोंबडा: पट्ट्यांचे सँडल घ्या. विषय संपला.

डोंगरवेडी: संपला कसा? उघडी बोटं दगडावर ठेचतात. शिवाय खडे शिरतात.

पाणकोंबडा: पाय झटकला की निघतात. तुमच्या बंद बुटातून काढून दाखवा.

गळवाला: शेवाळावर फेल्टच्या, म्हणजे दाबलेल्या नमद्यासारख्या कापडाच्या, तळाला तोड नाही. मासे धरणारे तेच वापरायचे. पण ओल्या फेल्टला चिकटून डिडिमो नावाचं शेवाळ एका नदीतून दुसरीत जातं, म्हणून न्यूझीलंडने २००८ मध्ये फेल्टच्या तळांवर बंदी घातली.

निवांत: अवांतर. त्यांना मासे धरायचे नाहीत. धागाकर्ते, पाणी गार आहे का?

अनुजा_प: गार असेल तर निओप्रीन, म्हणजे फोमसारख्या रबराचे बूट. पाय कोरडे राहत नाहीत हं, आत शिरलेलं पाणी अंगाच्या उबेने कोमट होतं, इतकंच. आणि वापरून झाल्यावर धुऊन सावलीत वाळवा, कडक उन्हात चिकटवलेला तळ सुटतो.

चिखल्या: वाळवायचं कुणी विचारलंय? पाणी गार नाही. घेऊ कुठले ते सांगा!

डोंगरवेडी: वर जाळी, पाणी निघायला तळाला भोकं, रबरावर बारीक चिरा. तळ हाताने पिळून बघा, सहज पिळला गेला तर घेऊ नका. माप घट्टच हवं, सैल बूट प्रवाहात पायातून निघतो. सुती मोजे नकोत, ओले झाले की फोड येतात.

चिखल्या: हे पहिल्याच प्रतिसादात सांगायचं ना. दुकानात काय म्हणून मागू?

पाणकोंबडा: सँडल.