काठावरून गळाने रोहू धरण्याची सुरुवात आपण कशी केली?

नमस्कार. मी बेळगाव जिल्ह्यातील हुक्केरी तालुक्यात राहतो आणि घटप्रभेवरील हिडकल जलाशयाच्या काठावर दोन महिन्यांपासून गळाने मासे धरण्याचा प्रयत्न करत आहे. स्थानिक मच्छीमार सोसायटीची परवानगी घेतलेली आहे. होडी नाही, जाळे वापरायचे नाही आणि वेळ फक्त रविवारी पहाटे मिळतो.

बांबूची काठी, तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा), तरंडा (दोऱ्यावर बांधलेला, गळ किती खोल राहील हे ठरवणारा तरंगता तुकडा) आणि शिशाचे छोटे वजन एवढेच साहित्य आहे. गांडूळ लावल्यास लहान मासे ते कुरतडून नेतात आणि कणकेचा गोळा लावल्यास तो खोल जाण्याआधीच विरघळून गळ रिकामा होतो. कटला पाण्याच्या वरच्या थरात, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी चरतो, हे लक्षात घेऊन तरंडा तीन फुटांपासून आठ फुटांपर्यंत वरखाली करून पाहिला, तरीही रोहू एकदाही लागला नाही. कालव्यांना पाणी सोडले की काठ मागे सरकतो, त्यामुळे एकाच जागी नियमित चारा टाकून मासे सवयीचे करणेही जमत नाही, आणि हीच अडचण मला सर्वांत मोठी वाटते. पावसाळ्यात हे मासे अंडी घालतात, म्हणून त्या काळात मी गळ टाकणार नाही.

आपण किती वर्षांपासून गळ टाकत आहात, सुरुवातीला कोणाकडून शिकलात, आणि पाण्याची पातळी सतत बदलत असताना कणीक घट्ट राहण्यासाठी तिच्यात काय मिसळावे व जागा कशी निवडावी?