चकतीआधी मागचे सांधे बघा

ताई, तुम्ही विचारलंय की बासष्ट वर्षांच्या वडिलांना बडोद्यात एल४-एल५साठी, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या जोडीसाठी, फ्यूजन (दोन्ही मणके कायमचे जोडून टाकणं) सुचवलंय, तर त्यांच्यामधली गादी काढून कृत्रिम चकती का नको, तिच्यामुळे कंबर वाकती तरी राहील. प्रश्न रास्त आहे. पण तिथे सांधे तीन असतात: पुढे चकती, मागे दोन फॅसेट. नवी चकती फक्त पुढचा सांधा बदलते. फॅसेट झिजलेले असतील तर हालचाल टिकल्यामुळेच ते दुखत राहतात, आणि या वयात ते बहुधा झिजलेले असतात. सीटी स्कॅनच्या आडव्या छेदात खडबडीत, फुगलेले दिसतात. पुढे-मागे वाकून काढलेले एक्स-रेही मागा. मणका ३ मि.मी.पेक्षा जास्त सरकलेला असेल तर सहसा चकती बसवत नाहीत.

हाडांसाठी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, कराच. हाड ठिसूळ असेल तर चकतीची कोबाल्ट-क्रोम धातूची पट्टी मणक्यात रुतते आणि चकती कलते.

चकतीची शस्त्रक्रिया पोटाकडून होते. एल४-एल५समोर मोठ्या रक्तवाहिन्या आडव्या येतात, त्या अलगद बाजूला घ्यायला व्हॅस्क्युलर सर्जन हजर हवा. पुढे चकती काढायची वेळ आली तर त्याच वाहिन्या व्रणाने चिकटलेल्या असतात. खरा धोका तेव्हाचा.

आणि वडिलांना हे विचाराच: मांडवीहून लहेरीपुऱ्यापर्यंत चालताना पाय भरून येतात, बसलं की उतरतं, असं होतं का? तसं असेल तर नसांचा मार्ग अरुंद झालेला असू शकतो. त्याला चकती बदलणं हा उपाय नाही.